आरएफपी (निविदा दस्तऐवज) शेवटून वाचा : इमिग्रेशनच्या सरकारी आयटी कामात नाशिकच्या छोट्या कंपनीनं कसं शिरायचं

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाचा पासपोर्ट छापला जातो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आता तर त्यात चिपही आली आहे. पण ती पुस्तिका विमानतळाच्या काउंटरवर स्कॅन झाल्यावर जे घडतं, म्हणजे नाव शोधणं, व्हिसा तपासणं, रोखायच्या माणसांच्या यादीशी जुळवणी करणं, त्यासाठीचं सॉफ्टवेअर सरकार कसं विकत घेतं, हे आमच्या अंबड-सातपूरकडच्या आयटीवाल्यांनाही फारसं माहीत नसतं. आमची कंपनी वीस-बावीस माणसांची. मूळ काम हॉटेलांच्या रिसेप्शनचं सॉफ्टवेअर. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, त्या सी-फॉर्मच्या कटकटीतून आम्ही या क्षेत्राकडे वळलो. आता २०२७ च्या सिंहस्थामुळे त्र्यंबक, पंचवटीतल्या हॉटेलवाल्यांचे फोन वाढलेत आणि त्यांच्या मागोमाग तरुण कंपनीवाल्यांचेही : "दादा, सरकारी टेंडर भरायचंय, कुठून सुरू करू?" प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

आधी गिऱ्हाईक ओळखा

"इमिग्रेशनचं काम" असं एकच काम नसतं. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाकडे, तर व्हिसा, सीमेवरची तपासणी आणि परदेशी नागरिकांची नोंदणी गृह मंत्रालयाकडे. दुसऱ्या बाजूची मोठी योजना म्हणजे आयव्हीएफआरटी, म्हणजे इमिग्रेशन, व्हिसा आणि परदेशी नागरिकांची नोंदणी-माग एका प्रणालीत आणणारी योजना. २०१० मध्ये केंद्र सरकारनं तिला १,०११ कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि २०२२ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या पुढच्या टप्प्यासाठी १,३६४.८८ कोटी मंजूर केले. त्या वेळच्या आकड्यांनुसार १९२ भारतीय वकिलाती, १०८ इमिग्रेशन चेकपोस्ट, १२ एफआरआरओ (परदेशी नागरिकांची प्रादेशिक नोंदणी कार्यालयं) आणि सातशेहून जास्त जिल्हा पातळीवरची नोंदणी कार्यालयं या एका जाळ्यात जोडायची होती. नाशिकसारख्या ठिकाणी ही नोंदणी पोलिसांकडेच असते. तांत्रिक कणा एनआयसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचा. एनआयसीची खरेदी बऱ्याचदा एनआयसीएसआय या तिच्याच कंपनीमार्फत होते, म्हणून तिथल्या एम्पॅनलमेंटवर, म्हणजे मान्य पुरवठादारांच्या यादीवर, लक्ष ठेवायचं.

याचा अर्थ असा, की हे काम नाशिकला बसून, एखाद्या ओळखीच्या साहेबाला भेटून मिळत नाही. आणि पहिल्याच फटक्यात मुख्य बोलीदार होण्याचं स्वप्न सोडून द्या. अशा निविदांमध्ये उलाढालीची, सीएमएमआय (सॉफ्टवेअर कामाच्या पद्धतीचा दर्जा) पातळीची, मागच्या मोठ्या कामांची अट असते. आपण तिथपर्यंत पोचत नाही. आपली जागा कडेला असते. मोठ्या कंपनीच्या हाताखाली डेटा स्थलांतर, चाचणी, प्रशिक्षण, एखादा छोटा मॉड्यूल. किंवा हॉटेलं, कॉलेजं, इस्पितळं या खासगी गिऱ्हाइकांची बाजू, कारण परदेशी माणसाची माहिती सरकारला कळवायचं बंधन त्यांच्यावर असतं. मी दुसऱ्या टोकाकडून आलो आणि मला ते फायद्याचं ठरलं. सरकारी प्रणालीला कुठली माहिती कशी कुजकी मिळते, हे रिसेप्शनवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कागदपत्रं : कंटाळवाणं, पण बाद इथंच होतात

उद्यम नोंदणी, जीएसटी, पॅन, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र, माहिती सुरक्षेचं आयएसओ २७००१. जेमवर (सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार) विक्रेता म्हणून नोंदणी, केंद्राच्या सीपीपी निविदा पोर्टलवर आणि राज्याच्या महाटेंडर्सवर वेगळी नोंदणी. डिजिटल सही क्लास तीनचीच लागते. क्लास दोन २०२१ पासून बंद झाली. सही ज्याच्या नावावर, त्याच्याच नावे संचालक मंडळाचा ठराव किंवा मुखत्यारपत्र हवं. आमची पहिली निविदा इथंच गेली. सही भागीदाराच्या नावाची, अधिकारपत्र माझ्या नावाचं. आठवड्याचं काम पाच मिनिटांत बाद. कार्यालयाचा काहीच दोष नव्हता, तरी आम्ही दिवसभर त्यांनाच शिव्या घातल्या.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर बयाणा रकमेतून सूट मिळते. लोक ही सूट सुरक्षा अनामतीलाही लागू आहे असं समजतात. ती लागू नाही. काम मिळालं की कंत्राटाच्या साधारण तीन ते पाच टक्के बँक गॅरंटी द्यावीच लागते. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानं केंद्रीय खात्यांना वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा या उद्योगांकडून घ्यायला सांगितलंय. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो कमी दर स्वीकारून काही भाग घेण्याची संधीही मिळते. शेजारी देशांशी असलेल्या मालकीसंबंधाचं घोषणापत्र आणि स्थानिक मूल्यवर्धनाचं घोषणापत्र विसरू नका. दुसऱ्यात ५० टक्के किंवा त्याहून वर असाल तर पहिल्या वर्गाचे पुरवठादार ठरता. सॉफ्टवेअर आपलं असलं तरी त्याखालचा परदेशी डेटाबेस आणि सर्व्हर मोजल्यावर ही टक्केवारी झपकन खाली येते, हे आधी कागदावर मांडून बघा.

आरएफपी शेवटच्या पानापासून

आता मुद्द्याचं. निविदा दस्तऐवज तीनशे पानांचा असतो. आपली तरुण मंडळी "कामाची व्याप्ती" उघडतात, मायक्रोसर्व्हिस वगैरे शब्द बघून खूश होतात आणि तिथूनच अंदाजपत्रक लावायला घेतात. मी उलटं करतो. आधी पैसे देण्याचे टप्पे. मग दंडाचं कोष्टक. मग स्वीकृती चाचणीचे निकष. मग करार संपवण्याची आणि हस्तांतराची कलमं. ही चार प्रकरणं वाचून पेन खाली ठेवलं आणि कंपनी टिकेल असं वाटलं, तरच व्याप्तीकडे जायचं.

त्या चारातही स्वीकृतीवर सर्वांत जास्त वेळ द्या. "वापरकर्त्याचं समाधान होईपर्यंत" असं वाक्य दिसलं की तिथं लाल खूण करा. वापरकर्ता म्हणजे कोण? रात्रपाळीचा काउंटर अधिकारी की दिल्लीतले सहसचिव? दोघांचं समाधान वेगवेगळ्या दिवशी होतं आणि तुमचा ४० टक्के हप्ता त्या दोन दिवसांच्या मध्ये लटकतो.

दुसरी लाल खूण "कायद्यातील बदल विनामूल्य करावेत" या अर्थाच्या कलमावर. इतर खात्यांत हे फार दुखत नाही. इमिग्रेशनमध्ये दुखतं. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आणि चार जुने कायदे एकदम रद्द झाले : १९२० चा, १९३९ चा, १९४६ चा आणि २००० चा. कायदा बदलला म्हणजे फॉर्मची रचना, दंडाची कलमं, छापील पावत्या, अहवाल, शोधाचे निकष, सगळंच हलतं. आधुनिकीकरणाचं काम तीन वर्षं चालतं, त्या काळात असा बदल आला तर तो चेंज रिक्वेस्ट (वेगळ्या पैशांचं जादा काम) धरायचा की तुमच्या गळ्यात? निविदेत मर्यादा लिहून मागा : वर्षाला अमुक इतके मनुष्य-महिने मोफत, त्यापुढचे ठरलेल्या दरानं.

निविदापूर्व बैठक

सकाळी पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबईला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढ्यात बऱ्याच बैठका होतात. आता पुष्कळशा ऑनलाइनही असतात. मुख्य बोलीदार नसलात तरी तिथं हजर राहा. समोर कोण कोण बसलंय, कोणती मोठी कंपनी कशाबद्दल घाबरून विचारतेय, हे बघून कोणाकडे उपकंत्राटासाठी जायचं ते कळतं. चहाच्या टेबलावरचा अर्धा तास बैठकीच्या दोन तासांपेक्षा कामाचा असतो.

प्रश्न लेखी, ठरलेल्या तक्त्यात द्यायचे : पान, कलम, सध्याचा मजकूर, हवा असलेला खुलासा. "डेटा मायग्रेशनचा तपशील द्यावा" असा प्रश्न विचारलात तर उत्तर येतं, "निविदेतील अट कायम." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आमच्या ऑफिसात कोणी रजा मागितली तरी तेच ऐकवतो. उत्तर आकड्यात द्यावं लागेल असाच प्रश्न विचारायचा. जुन्या प्रणालीत एकूण नोंदी किती, सर्वांत जुनी नोंद कोणत्या वर्षाची, स्कॅन केलेल्या प्रतिमा किती टेराबाइट, डेटाबेस कोणता आणि त्याचा नकाशा बोलीदाराला दाखवणार का? नोंदींची संख्या निविदेतल्या अंदाजापेक्षा २० टक्क्यांनी वाढली तर दर कसा ठरेल? अशा पाच प्रश्नांतल्या दोनांना शुद्धिपत्रकात उत्तर मिळालं तरी तिकिटाचे पैसे वसूल. आणि शुद्धिपत्रक हे निविदेचा भाग असतं. सही करून जोडलं नाही म्हणून बाद झालेले लोक मी पाहिलेत.

जुना डेटा : कंत्राट इथं बुडतं

आधुनिकीकरणाच्या कामात नवा स्क्रीन बनवणं सोपं असतं. जुन्या प्रणालीत वीस वर्षं साठलेली माहिती नव्या घरात आणणं, हे खरं काम. इमिग्रेशनच्या माहितीत काय काय अडतं ते सविस्तर सांगतो, कारण मोठ्या कंपन्यांना आपण विकू शकतो ती हीच जाण.

पासपोर्टच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्यांची रचना ठरवून दिलेली आहे. पहिल्या ओळीत नावासाठी फक्त ३९ जागा. त्यात रोमन मोठी अक्षरं आणि रिकामी जागा भरणारं बाणासारखं भरणचिन्ह (<) एवढंच बसतं; दुसऱ्या ओळीत त्यांच्या जोडीला आकडे. क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्या मागं एकेक तपासणी अंक असतो. तो ७, ३, १ अशा वजनांनी गुणून बेरजेला दहानं भागल्यावर उरणारी बाकी. म्हणजे जुन्या नोंदीत क्रमांक हातानं टाइप करताना चुकला असेल आणि तपासणी अंक जपून ठेवलेला असेल, तर चूक आज वीस वर्षांनीही बहुतेकदा पकडता येते. जुन्या प्रणालीनं तो अंक फेकून दिला असेल तर संपलं. निविदापूर्व बैठकीत हा प्रश्न विचारा. विचारणाऱ्याला काम कळतं, हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं.

आता नावं. जर्मन पाहुण्याच्या आडनावात यू वर दोन टिंबं असतात. पासपोर्टच्या तळओळीत ते 'यू-ई' होतं. आमच्या त्र्यंबकच्या हॉटेलातला पोरगा वरच्या छापील नावाकडे बघून नुसता 'यू' टाकतो. झाला एकाच माणसाचा दोन नावांनी वावर, विमानतळावर एक आणि हॉटेलात दुसरा. आपल्या नावांचं तर विचारूच नका. ज्ञानेश्वर महाराष्ट्रात 'डी-एन-वाय'नं सुरू होतो, उत्तरेत 'जी-वाय'नं, दक्षिणेत 'जे-एन'नं. इंग्रजी नावं उच्चारावरून जुळवण्यासाठी बनवलेली साउंडेक्सची पद्धत पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते, त्यामुळे हे तीन ज्ञानेश्वर तिच्या लेखी कधीच एक होत नाहीत. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, कुणाच्या नाही. कुणाला आडनावच नाही, सगळं नाव एकाच रकान्यात. दुबईला कामाला जाऊन आलेल्या माणसाचा जुना आणि नवा पासपोर्ट जुळवताना या सगळ्याची गाठ पडते.

देशांचे संकेतसुद्धा (पासपोर्टवरची देशाची तीन अक्षरं) बदलतात. रोमानियाची तीन अक्षरं २००२ मध्ये बदलली. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो २००६ मध्ये वेगळे झाले आणि जुना एकत्र संकेत निकालात निघाला. झैरचा काँगो १९९७ मध्ये झाला. जर्मनीचा पासपोर्ट तर तीन अक्षरांऐवजी एकच अक्षर लावतो. जुन्या नोंदीतला संकेत नव्यात आणताना "आजचा संकेत" लावायचा की "त्या दिवशीचा" ठेवायचा? दोन्ही ठेवायचे, हे माझं मत. माणूस ज्या दिवशी आला त्या दिवशी त्याच्या पासपोर्टवर जे होतं ते पुसण्याचा अधिकार सॉफ्टवेअरवाल्याला नाही.

जन्मवर्ष तळओळीत दोनच आकड्यांचं असतं. '२५' म्हणजे १९२५ की २०२५? पणजोबा आणि पणतू एकाच विमानात असले तर दोघेही तान्हे किंवा दोघेही शंभरीचे. जन्माचा महिना-दिवस माहीत नसलेल्या माणसांच्या नोंदीत तिथं भरणचिन्हं येतात. जुन्या प्रणालीनं त्यांची १ जानेवारी करून टाकलेली असते आणि मग एका दिवशी जन्मलेल्यांची जत्रा दिसते.

म्हणून डेटा स्थलांतराची किंमत सांगण्याआधी नमुना मागा. खरा डेटा मिळणार नाही, मिळायलाही नको. पण नावं पुसलेल्या काही हजार नोंदी किंवा नुसता रकानानिहाय गोषवारा मिळतो. स्वीकृतीचा निकष आकड्यांत लिहून घ्या : वर्षवार नोंदींची बेरीज जुळली पाहिजे, तपासणी अंक अमुक टक्के नोंदींत बरोबर आला पाहिजे, शंकास्पद जोड्यांची वेगळी यादी खात्याला द्यायची आणि त्यांचा निवाडा खात्यानंच करायचा. शेवटचं वाक्य सोन्यानं मढवून ठेवण्यासारखं आहे. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असं जर तुमच्या प्रोग्रामनं ठरवलं आणि ते चुकलं, तर कुणाचा तरी निरपराध मुलगा विमानतळावर अडकून पडतो.

एकदम सगळं बदलायचं नाही

ब्रिटननं ई-बॉर्डर्स नावाच्या प्रकल्पाचं कंत्राट २००७ मध्ये दिलं आणि २०१० मध्ये रद्द केलं. पुढं त्यांच्या लेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा त्या कामावर आणि त्याच्या पुढच्या अवतारांवर २००३ पासून किमान ८३ कोटी पौंड खर्ची पडले होते. अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्यानं कागदी अर्ज संगणकावर नेण्याचं काम काढलं. २०१५ च्या लेखापरीक्षणात खर्चाचा अंदाज ३१० कोटी डॉलरपर्यंत गेला होता आणि २०११ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकापेक्षा काम चार वर्षांहून अधिक मागे पडलं होतं. मधल्या काळात, २०१२ मध्ये, त्यांनी एका मोठ्या कंत्राटावरची भिस्त सोडून छोट्या छोट्या टप्प्यांची पद्धत धरली.

आपल्याकडे ठोक दराच्या कंत्राटात टप्पे आधीच लिहिलेले असतात, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी चालत नाही. पण प्रस्तावात एवढं लिहिता येतं : आधी एका कमी वर्दळीच्या चेकपोस्टवर, जुनी आणि नवी प्रणाली शेजारी-शेजारी चालवून, रोज रात्री दोन्हींच्या नोंदी जुळवून, मगच पुढचं ठिकाण. जाळं तुटलं तर काउंटर बंद पडता कामा नये, त्यासाठी स्थानिक साठा आणि नंतरची जुळवणी. विमान उतरल्यावर रांगेत तीनशे माणसं उभी असतात, त्यांना "सर्व्हर डाउन आहे" हे सांगायला बँकेचा काउंटर नाही.

हिशेब : दर लावताना

समजा, तुम्ही उपकंत्राटदार म्हणून १ कोटी २० लाखांचं बारा महिन्यांचं काम घेतलं. महिन्याचा खर्च आठ लाख. कागदावर २४ लाख सुटले. आता हप्ते बघा : आराखडा मंजूर झाल्यावर १० टक्के, स्वीकृती चाचणीनंतर ३० टक्के, बाकीचं पुढं. आठव्या महिन्यात चाचणी संपली आणि बिल अकराव्यात निघालं, तर दहाव्या महिन्याअखेर तुमचे ८० लाख गेलेले असतात आणि आलेले असतात १२. वर बँक गॅरंटीचं मार्जिन, म्हणजे गॅरंटीसाठी बँकेत ठेवलेली रक्कम, सहा लाख अडकलेलं. म्हणजे ७४ लाखांचा खड्डा. तो बारा टक्के व्याजानं भरत असाल तर खड्डा पुरा खोल असताना महिन्याला ७४ हजार जातात, आणि हप्ता जितका लांबेल तितकं २४ लाखांतून गळत राहतं. शिवाय टीडीएस कापला जातो आणि जीएसटी तुम्ही बिल काढल्यावर पुढच्या महिन्यात भरता, पैसे येवोत न येवोत. हा तक्ता मी अजूनही वहीत हातानं काढतो. एक्सेलमध्ये लाल रंग दिसला की माणूस आकडा बदलून तो हिरवा करतो.

गुणवत्ता आणि दर दोन्ही मोजणाऱ्या निविदेत तांत्रिक गुणांवर फार भिस्त ठेवू नका. सल्लागार सेवांखेरीजच्या कामात गुणवत्तेचं वजन केंद्राच्या नियमांनुसार ३० टक्क्यांपर्यंतच जातं. एक उदाहरण : तुम्हाला तांत्रिकमध्ये ९० गुण आणि दर १३० लाख, स्पर्धकाला ७५ गुण आणि दर ११० लाख. सर्वाधिक गुणांना आणि सर्वांत कमी दराला पूर्ण गुण धरले तर तुमचे ३० अधिक ५९.२, म्हणजे ८९.२. त्याचे २५ अधिक ७०, म्हणजे ९५. तुमचा दर ११८ लाखांच्या आसपास असता तरच तुम्ही जिंकला असता. पंधरा गुणांच्या आघाडीची किंमत बाजारात जेमतेम आठ लाख. सादरीकरणाच्या स्लाइडवर महिनाभर घासणाऱ्यांना हे गणित मी फळ्यावर करून दाखवतो.

अपलोड

शेवटच्या दिवशी नाही. आदल्या दिवशी. दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचं नाव बदलायचं नाही, रकाने वाढवायचे नाहीत. दराचा कुठलाही आकडा तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही दिसता कामा नये. बस्स.

मोठ्या कंपनीशी करार

उपकंत्राट देण्यास मूळ निविदेत परवानगी आहे का, खात्याची लेखी संमती लागते का, हे आधी बघा. संमतीशिवाय काम केलंत तर अनुभव प्रमाणपत्रही मिळत नाही, आणि आपल्याला पैशाइतकीच त्या प्रमाणपत्राची गरज असते. "खात्यानं आम्हाला दिले की आम्ही तुम्हाला देऊ" हे कलम जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असतं. ते काढून टाकता आलं नाही तर निदान त्यावर कमाल मुदत घाला. इथं २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूनं आहे : करारात काहीही लिहिलं तरी सूक्ष्म-लघु पुरवठादाराला काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. पण तक्रार केली की संबंध संपले, हे आपल्यालाही कळतं. त्यापेक्षा फेब्रुवारीत त्यांच्या हिशेब खात्याला आयकराच्या थकबाकीविषयीच्या कलमाची (१९६१ च्या कायद्यातलं ४३ब(ज)) नम्र आठवण करून द्या. आमची थकबाकी मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत दिली नाही तर त्यांना त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. ही मात्रा मला लागू पडलेली आहे. मोठ्या कंपन्या ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांची बिलं वटवणाऱ्या ऑनलाइन मंचावर, असतात. तिथं बिल स्वीकारून घेतलं तर बँक आधी पैसे देते, तुम्हाला थांबावं लागत नाही.

काम सुरू झाल्यावर

माणसांची पोलीस पडताळणी पहिल्याच आठवड्यात लावा, ती वेळ खाते. कुठल्याही परिस्थितीत खरा डेटा आपल्या लॅपटॉपवर आणू नका, "नुसता एक नमुना" म्हणूनही नाही. काम खात्याच्या जागेत किंवा त्यांनी दिलेल्या यंत्रावर. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवायची असतात. घड्याळाचं हे कलम लोक हसण्यावारी नेतात. दोन चेकपोस्टच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असला की कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची, हेच सांगता येत नाही. सुरक्षा लेखापरीक्षण सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून. तिची तारीख वेळापत्रकात सुरुवातीलाच धरा, कारण लेखापरीक्षणात सापडलेल्या त्रुटी दुरुस्त करून पुन्हा तपासून घेतल्याशिवाय प्रणाली सुरू करता येत नाही.

प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच संध्याकाळी ईमेलनं पाठवायचं. "आज असं ठरलं, काही वेगळं असल्यास तीन दिवसांत कळवावं." अधिकारी बदलून जातात आणि नव्या साहेबांना जुन्या साहेबांचं तोंडी बोलणं माहीत नसतं. आमचा एक हप्ता केवळ अशा अकरा ईमेलांच्या बळावर सुटला.

प्रशिक्षणात वर्गापेक्षा रात्रपाळी महत्त्वाची. आमच्या कंपनीतल्या एका मुलीनं एका ठिकाणी रात्री दोन वाजता काउंटरमागं खुर्ची टाकून बसायची परवानगी मागितली. तेव्हा तिला दिसलं, की अधिकारी माउसला हातच लावत नाहीत, जुन्या प्रणालीतली एफ-कळ (कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एफ१, एफ२ या कळा) बोटांत बसलेली आहे. नव्या स्क्रीनवर त्याच कळा ठेवल्या. तक्रारी निम्म्या झाल्या आणि व्याप्तीच्या तीनशे पानांत ही गोष्ट कुठंच नव्हती.

शेवटी हस्तांतर. सोर्स कोड, संकेतशब्द, डेटाबेसचा नकाशा, प्रत्येकाची पोच सही-शिक्क्यासह. बँक गॅरंटी कामाची सगळी बंधनं संपल्यानंतर साठ दिवसांपर्यंत जिवंत ठेवावी लागते, म्हणून तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवा, आणि ती तारीख आली की मूळ प्रत परत मागायला स्वतः जा. आमची एक गॅरंटी मुदत संपूनही सात महिने एका कपाटात पडून होती. तोवर बँकेनं मार्जिनची एफडी सोडली नाही आणि कमिशनही कापत राहिली.